वर्ल्ड बेसबॉल क्लासिक : खेळाडूंचे संरक्षण
राष्ट्रीय संघांच्या या स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंना दुखापतीपासून जपण्यासाठी केलेली नियमव्यवस्था.

उगम : अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल आणि तिची खेळाडू संघटना यांच्या पुढाकाराने ही स्पर्धा २००६ मध्ये सुरू झाली. ती मार्चमध्ये, लीगच्या हंगामपूर्व सरावाच्या काळात होते. तेव्हा पिचरचा (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा) खांदा व कोपर पूर्ण जोराच्या फेकीस सरावलेले नसतात. खेळाडूचे वेतन त्याचा लीगमधील संघ देतो. म्हणून दुखापतीची आर्थिक झळही त्या संघालाच बसते [⟶ बेसबॉल].

वैशिष्ट्ये : पिचरच्या फेकींवर मर्यादा असते. २०२३ मध्ये ती पहिल्या फेरीत ६५, उपांत्यपूर्व फेरीत ८० व त्यापुढे ९५ होती. एका सामन्यात ५० किंवा अधिक फेकी केल्यास चार दिवस, ३० किंवा अधिक केल्यास एक दिवस विश्रांती सक्तीची असते. सलग दोन दिवस खेळल्यावरही एक दिवस विश्रांती घ्यावी लागते. करारातील वेतनाचा विमा उतरवला जातो. तो न मिळाल्याने २०२३ मध्ये पिचर क्लेटन कर्शॉ खेळू शकला नाही.

महत्त्व : २०२३ च्या स्पर्धेत सामन्यानंतरच्या विजयोत्सवात पिचर एडविन डिआझच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला व तो लीगच्या संपूर्ण हंगामास मुकला. होसे आल्टुवेचा अंगठा चेंडू लागून मोडला. विमा आर्थिक हानी भरून काढतो. खेळाडूची उणीव मात्र लीगमधील संघाला सोसावी लागते. याउलट ऑलिंपिक लीगच्या हंगामाच्या मध्यात येत असल्याने टोकियो ऑलिंपिकमध्ये मेजर लीगचे प्रमुख खेळाडू नव्हते. जपानने मात्र आपली लीग थांबवून खेळाडू उपलब्ध केले [⟶ ऑलिंपिक क्रीडासामने].