बुंददाण्याचा प्रवास : मोख्यापासून मॉरिशसपर्यंत

जुन्या मराठीत कॉफीच्या बीला 'बुंद' किंवा 'बुंददाणा' म्हणत. अरबी भाषेत याच बीला 'बुन' म्हणतात आणि तिच्यापासून केलेल्या पेयाला 'कहवा'. 'कॉफी' हा शब्ददेखील याच कहव्याचे तुर्की आणि युरोपी मुखांतून फिरून आलेले रूप आहे. कॉफी ही साहेबाने दिलेली चीज, असे आपण समजतो. पण इंग्रजी राज्य येण्यापूर्वीच ती येथे होती. १६१६ साली हिंदुस्थानात आलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याने, येथील धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजी कॉफी पितात, असे नोंदवून ठेवले आहे. अठराव्या शतकात दर्गाह कुली खानाने दिल्लीचे वर्णन फारसीत लिहिले. त्यात चांदणी चौकातल्या कहवाखान्यांत जमणारे शायर भेटतात. हा दर्गाह कुली खान आपल्या संगमनेरात जन्मलेला दख्खनी माणूस, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

कहव्याचा इतिहास यमनच्या खानकाहांत सुरू होतो. पंधराव्या शतकात तेथील सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून कहवा घेत. अरबीत 'कहवा' हा शब्द पूर्वी मद्यालाही वापरीत, त्यामुळे हे नवे पेय हलाल की हराम, असा वाद उभा राहिला. १५११ साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने त्यावर बंदी घातली; पण ती टिकली नाही. पुढे यमनचे मोखा बंदर कॉफीचे मोठे बाजारपेठ-बंदर झाले. उगवेल असे बी बाहेर जाऊ नये, याची तेथे दक्षता घेतली जात असे.

मोख्याहून निघालेल्या दोन वाटा आपण पाहू.

पहिली वाट फकिराची. परंपरा अशी की, सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना यमनमधून सात दाणे घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरावर त्यांनी ते पेरले. या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही; पण डोंगराला आज बाबा बुडनगिरी हेच नाव आहे आणि भारतातील कॉफीचा आरंभ तेथूनच सांगितला जातो. या स्थानाचे पूर्ण नाव श्री गुरू दत्तात्रेय बाबा बुडन स्वामी दर्गा. अक्कलकोटच्या माणसाला दत्तात्रेयांची ओळख करून द्यावी लागत नाही. श्री स्वामी समर्थांना दत्तावतार मानणारे हजारो भाविक आपल्या गावात रोज येतात. दत्त आणि फकीर यांना एकाच गुहेत पाहणारी श्रद्धा आपल्याला परकी नाही. त्याच स्थानावरून गेली काही दशके कोर्टकचेरी चालू आहे, ही मात्र खेदाची गोष्ट.

दुसरी वाट व्यापाऱ्याची. १७१५ साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने मोख्याहून कॉफीची रोपे हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावर नेली. ते बेट म्हणजे आजचे रियुनियन. रोपे नेणाऱ्या द्युफ्रेन दार्सेल या कप्तानानेच त्याच सफरीत शेजारच्या मॉरिशसवर फ्रान्सचा ताबा जाहीर केला. बूर्बोंवर कॉफी बहरली, ती आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. तेथे रुजलेल्या वाणाला आजही जगभर 'बूर्बों' म्हणतात. बूर्बों हे फ्रान्सच्या राजघराण्याचे नाव.

मॉरिशसमध्येही कॉफी लावली गेली; पण १७३५ साली आलेल्या ला बुर्दोने या गव्हर्नराने उसावर जोर दिला. १८१० साली बेट इंग्रजांकडे गेले आणि ऊस आणखी वाढला. १८३५ साली गुलामगिरी संपली, पण ऊस तोडायला हात हवेच होते. म्हणून १८३४ पासूनच करारबद्ध हिंदी मजूर आणले जाऊ लागले. पुढील आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे आपले मराठी लोक होते. त्यांच्या पणतू-खापरपणतूंनी मराठी जपली. आज मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते, उर्दूही शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

कॉफीही पूर्णपणे गेली नाही. बेटाच्या नैर्ऋत्येस शामारेल येथे थोड्या क्षेत्रावर अरेबिका कॉफी पिकते. जवळच ल मॉर्नचा डोंगर आहे. पळून गेलेले गुलाम तेथे आसरा घेत. शामारेलची उंची जेमतेम ३०० मीटर. एरवी चांगल्या अरेबिकाला हजार मीटरची थंड हवा लागते. थंडीत फळ सावकाश पिकते, दाणा घट्ट होतो आणि चवीत फळासारखा आंबटपणा येतो. शामारेल विषुववृत्तापासून वीस अंश दक्षिणेला असल्याने हिवाळ्याचा गारवा उंचीची उणीव काही अंशी भरून काढतो. अशा सखल जागेच्या कॉफीत आंबटपणा कमी आणि चव सौम्य असते. यमनमध्ये पाणी दुर्मीळ, म्हणून तेथे फळ सालीसकट उन्हात वाळवतात आणि त्या कॉफीला मुरलेल्या फळाचा वास येतो. एकाच बीचे गुण माती, उंची, पाणी आणि माणसाची रीत यांनी असे पालटतात.

याच हिशेबाने आपल्या महाराष्ट्राकडे पाहावे. अमरावती जिल्ह्यात सातपुड्यावर चिखलदरा आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळातला गाविलगड शेजारी, उंची सुमारे ११०० मीटर. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून त्याची ओळख आहे. ते एकवीस अंश उत्तरेला, शामारेल वीस अंश दक्षिणेला. कॉफीच्या पट्ट्याच्या दोन टोकांवरची ही दोन गावे. चिकमगळूरला मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी पडतात आणि त्यांवरच कॉफीचा फुलोरा येतो. विदर्भात त्या सरींचा भरवसा नाही. उंची असूनही चिखलदऱ्याची कॉफी थोडकी राहिली.

या सगळ्या प्रवासात नावे कोणाची उरली? बंदराचे मोखा उरले, राजघराण्याचे बूर्बों उरले, जमीनदाराचे शामारेल उरले. ज्यांनी खड्डे खणले, फळे वेचली, ऊस तोडला, त्यांचे नाव कोणत्याही पुडीवर नाही. या यादीत फक्त बाबा बुडन वेगळे आहेत. त्यांच्याजवळ ना कंपनी होती, ना गुलाम, ना तोफ. सात दाण्यांची गोष्ट कागदावर सिद्ध होवो न होवो, लोकांनी कॉफीचे श्रेय एका फकिराला दिले, हे सिद्धच आहे. इतिहास शिकवताना आपण सनावळ्या पाठ करून घेतो. लोकांनी कोणाचे नाव का जपले, हेही मुलांना विचारायला शिकवले पाहिजे. बाबा बुडनगिरीवर आज हक्क सांगणाऱ्या दोन्ही बाजूंनीही तो प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.