रोगाचें खरें नांव सांगणारा वैद्य
डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या चरित्रापासून आपणांस मिळणारा बोध



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत येथील देवळाचा व मंडळीचा इतिहास इतर लेखकांनीं दिलेलाच आहे. त्याच गोष्टी पुनः न सांगतां, ज्याचा आपल्या कुंडलशीं वरवर पाहतां कांहींच संबंध दिसत नाहीं अशा एका कॅथॉलिक डॉक्टराचें चरित्र आपणांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे. याचें कारण असें. गेल्या वर्षीं आपल्यांतील एका तरुणानें मला विचारलें, "फादर, आपण येथें मूठभर लोक. निवडणुका, सभा, कायदेकानू यांत आपलें काय काम? आपण आपली प्रार्थना करावी, आपला रोजगार सांभाळावा, हेंच बरें नव्हे काय?" प्रश्न प्रामाणिक होता. त्या वेळीं मीं दोन शब्दांत उत्तर दिलें. पुरें उत्तर येथें देतों.

डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं गोव्यांत बार्देशांतील हडफडें या गांवीं झाला. त्या काळच्या अनेक गोमंतकीय मुलांप्रमाणें तेहि विद्येसाठीं मुंबईस आले. सेंट झेवियर्स शाळेंतून १८७४ सालीं मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीनें देऊन ते ग्रँट मेडिकल कॉलेजांत गेले, व १८८० सालीं डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढें मांडवी भागांत त्यांचा वैद्यकीचा व्यवसाय चालूं झाला. मांडवी म्हणजे गोदीलगतची वस्ती. धान्याच्या वखारी, त्यांना चिकटून दाट चाळी, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेलीं गटारें. अशा ठिकाणीं ज्याला रोज जिने चढावे लागतात, त्या डॉक्टराला हें लौकरच कळून येतें कीं, रोग्याचा ताप औषधानें उतरला तरी त्या खोलींतील ओल औषधानें जात नाहीं. ती घालविण्याची सत्ता डॉक्टराच्या हातीं नसते. ती शहराचा कारभार पाहणाऱ्यांच्या हातीं असते. मग दवाखान्यांतील माणूस सभागृहांत गेला तर त्यांत नवल तें काय?

डॉ. व्हिएगस मुंबई कॉर्पोरेशनचे सभासद झाले. हें कॉर्पोरेशन म्हणजे त्या काळीं लहानसहान संस्था नव्हती. १८८८ च्या कायद्यानें तिला मोठे अधिकार मिळाले होते, आणि १८९२ च्या सुधारणेनंतर गव्हर्नरच्या कायदे कौन्सिलांत आपला प्रतिनिधि धाडण्याचा मानहि तिला मिळाला. हिंदी माणसांनीं लोकसभेच्या कामाचे पहिले धडे जेथें गिरविले, त्या शाळांपैकीं ही एक थोर शाळा होती.

१८९६ सालचा पावसाळा संपत आला होता. मांडवींत एकाएकीं माणसें मरूं लागलीं. जोराचा ताप, जांघेंत किंवा काखेंत गांठ, भ्रम, आणि थोड्याच दिवसांत अंत. नवरोजी हिलच्या आसपासचे असे रोगी डॉ. व्हिएगस यांनीं स्वतः पाहिले, आणि त्यांच्या मनांत संशय उरला नाहीं. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं कॉर्पोरेशनच्या स्टँडिंग कमिटीच्या बैठकींत त्यांनीं उघडपणें सांगितलें कीं, हा गांठीचा प्लेग, ज्याला आपल्याकडील जुन्या लिखाणांत ग्रंथिक सन्निपात म्हणत, तोच होय.

वाचकहो, रोगाचें नांव उच्चारणें ही गोष्ट आज आपणांस लहान वाटेल. परंतु त्या बैठकींत तो एक शब्द किती जड होता याचा विचार करा. मुंबई हें व्यापाराचें बंदर. प्लेग असें नांव पडलें कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांना दार लावणार, माल अडून राहणार, गिरण्यांचे मजूर गांवीं पळणार. अधिकाऱ्यांनाहि तो शब्द सहजासहजीं उच्चारवेना. आरोग्यखात्याकडून 'गांठीच्या जातीचा संशयित ताप' अशी सौम्य भाषा वापरण्यांत आली. डॉ. व्हिएगस गप्प राहते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु जो डॉक्टर रोग्याच्या घरीं खरें सांगतो आणि सभेंत मात्र सोयीचें बोलतो, त्याचें ज्ञान कोणाच्या उपयोगाचें? प्लेगचा सूक्ष्म जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडलेला होता; त्यामुळें तज्ज्ञांकडून तपास झाला, आणि ऑक्टोबर महिन्यांत निदान खरें ठरलें.

यानंतर जें घडलें तें दुःखाचें आहे. सव्वाआठ लाखांच्या घरांतील वस्तीपैकीं १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारें पावणेचार लाख लोक मुंबई सोडून गेले. रोग्यांना सक्तीनें घरांतून उचलून नेण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना देण्यांत आले. लोक रोगापेक्षां इस्पितळालाच अधिक भिऊं लागले; २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीमजुरांच्या जमावानें आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत प्लेगचे अधिकारी रँड, जे पूर्वीं सातारा जिल्ह्यांतहि अधिकारावर होते, त्यांच्या कारकीर्दींत सोजिरांकडून घरांची झडती होऊं लागली. लोकांच्या मनांत संताप साचला, व २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. ते पुढें दगावले. रोग खरा होता, कायद्याची जरूरीहि खरी होती; परंतु कायदा जेव्हां माणसाचें दुःख न पाहतां त्याच्या उंबऱ्याच्या आंत शिरतो, तेव्हां तो औषध न राहतां दुसरा रोग होऊन बसतो. हाच १८९७ चा कायदा १२३ वर्षांनीं, २०२० सालीं, कोरोनाच्या साथींत पुनः उपयोगांत आला, हें आपण स्वतः अनुभविलें आहे. तेव्हांहि कोठें कायद्याला करुणेची जोड मिळाली, कोठें मिळाली नाहीं.

डॉ. व्हिएगस यांची रीत निराळी होती. नांव सांगून ते मोकळे झाले नाहींत. वस्त्या साफ व्हाव्यात, उंदरांचा नायनाट व्हावा, यासाठीं ते झटले. हाफकिन या शास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. लोकांना सुईची भीति वाटे, नाना अफवा उठत. अशा वेळीं डॉ. व्हिएगस यांनीं आपल्या हातानें सुमारें अठरा हजार माणसांना लस टोचली असें त्यांच्याविषयीं सांगतात. अठरा हजार वेळां एकेका भ्यालेल्या माणसाची समजूत घालणें ही केवळ वैद्यकी नव्हे, ही दया आहे.

अशा सेवेची परंपरा आपल्या पवित्र सभेंत जुनी आहे. मिलान शहरांत १५७६ सालीं प्लेग आला, तेव्हां संत चार्ल्स बोरोमेयो आपली मंडळी सोडून गेले नाहींत. संत अलोयसियस गोन्झागा १५९१ सालीं रोम शहरांत रोग्यांची सेवा करतां करतांच देवाघरीं गेले. आणि ही परंपरा एकट्या आपलीच आहे असेंहि नाहीं. सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या कन्या सावित्रीबाई फुले यांनीं पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. प्रभूच्या दृष्टांतांतील शोमरोन्याप्रमाणें त्यांनीं रस्त्यांत पडलेल्याची जात विचारली नाहीं.

मुंबईची ती आग आगगाडीनें व पायवाटेनें आपल्या कृष्णाकाठींहि आली. माझी आजी आपल्या आईकडून ऐकलेली हकीकत सांगत असे : घरांत उंदीर पडला कीं गांव सोडावयाचें, शेतांत पाल्याच्या झोपड्या घालून राहावयाचें, आणि रोज सकाळीं कोण उठलें नाहीं याची चौकशी करावयाची. १८९६ पासूनच्या पाव शतकांत हिंदुस्थानांत या रोगानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. म्हणून मीं आरंभीं 'वरवर पाहतां' संबंध नाहीं असें म्हटलें. मांडवींतील एका डॉक्टरानें जें खरें सांगितलें, त्याचा संबंध आपल्या पणज्यांच्या झोपडीशींहि होता.

१९०६ सालीं डॉ. व्हिएगस मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष निवडले गेले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिलेच हिंदी ख्रिस्ती गृहस्थ. पारशी, हिंदु, मुसलमान, इंग्रज अशा सर्वांच्या त्या सभेंत ख्रिस्ती सभासद थोडे. केवळ स्वजातीच्या मतांवर हा मान मिळणें शक्य नव्हतें. ज्यानें सर्वांचे जिने चढले, त्याला सर्वांनीं वर बसविलें. १९३३ सालीं ते निवर्तले. मुंबईंत धोबीतलावाच्या चौकांत, जेथें गोव्याहून आलेले आपले धर्मबंधु पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले, तेथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

त्यांच्यामागून अनेक डॉक्टर प्रांतिक कायदेमंडळांत गेले. मद्रासच्या कौन्सिलांत १९२७ सालीं डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी गेल्या, व देवदासींच्या मुक्ततेसाठीं झगडल्या. १९३७ सालीं डॉ. गिल्डर मुंबई इलाख्याचे आरोग्यमंत्री झाले, आणि त्याच सालीं नागपुरास डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. डॉ. बिधनचंद्र रॉय १९४८ पासून १९६२ पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, डॉ. जीवराज मेहता १९६० सालीं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. या सर्वांचीं मतें एक नव्हतीं, यशहि सारखें नव्हतें. परंतु रोग्याच्या खाटेपासून कायद्याच्या पाटापर्यंतची वाट डॉक्टराला परकी नाहीं, हें त्यांनीं दाखविलें.

आतां आपल्या त्या तरुणाकडे वळूं. बाळा, तूं ज्या कुंडलांत राहतोस तें औंध संस्थानांतील एका तालुक्याचें ठाणें होतें. १९३९ सालीं त्या संस्थानाच्या राजानें आपली सत्ता प्रजेच्या हातीं दिली, आणि खेड्यांतील साधीं माणसें पंचायतींत बसून कारभार पाहूं लागलीं. ज्या मातींत लोकांनीं स्वतःचा कारभार करण्यास इतक्या लौकर आरंभ केला, तेथें आपण उंबऱ्याच्या आंत बसून राहावें हें शोभत नाहीं. आपण थोडे आहों हें खरें. स्टँडिंग कमिटीच्या त्या बैठकींतहि डॉ. व्हिएगस यांच्या बाजूस संख्या नव्हती. त्यांच्यापाशीं फक्त पाहिलेलें सत्य होतें आणि तें बोलण्याचें धैर्य होतें.

म्हणून माझें उत्तर असें : पंचायतींत जा, पण आधीं लोकांचे जिने चढ. आपल्या जातीपुरतें मागावयास जाऊं नको. सर्वांच्या विहिरीचें पाणी, सर्वांच्या मुलांची शाळा, सर्वांच्या दवाखान्याचें औषध यांविषयीं बोल. आणि गांवाला जो रोग खरोखर झाला असेल, मग तो शरीराचा असो वा कारभाराचा, त्याचें खरें नांव सांगण्यास कचरूं नको. मात्र नांव सांगून घरीं परतूं नको, सेवेला थांब.

या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतून असा एक जरी सेवक निघाला, तरी हा उत्सव सार्थकीं लागला असें मी समजेन. परमेश्वर आपणां सर्वांस सत्य बोलण्याची शक्ति व दया करण्याचें मन देवो.

आपला प्रभूठायीं सेवक,
धर्मगुरु, कुंडल