घर जळालं, खांब उरले आणि जिना गेला कॉलेजात! मिसिसिपीकाठच्या क्लेबॉर्न काउंटीची गोष्ट

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर क्लेबॉर्न नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. पण २०२० च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या ९ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. इथेच झाडीच्या मधोमध २३ उंच खांब उभे आहेत. वर छप्पर नाही, आत घर नाही.

हे खांब कोणाचे?

कापसाच्या मळ्याचा मालक स्मिथ कॉफी डॅनियल याने १८५९ ते १८६१ या काळात इथे 'विंडसर' नावाचा आलिशान वाडा बांधला. आता विंडसर रुइन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खांबांसाठी विटा पाडल्या, भाजल्या त्या गुलामगिरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनी. वाडा पूर्ण झाला आणि काही आठवड्यांतच मालक वारला. वय अवघं ३४.

पाठोपाठ यादवी युद्ध आलं. ३० एप्रिल १८६३ ला जनरल ग्रँटचं सैन्य जवळच्या ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडून उतरलं. जागा कोणी सुचवली? ग्रँटने आत्मचरित्रात लिहिलंय की, इथे उतरता येईल आणि पुढे चांगला रस्ता आहे, ही माहिती एका कृष्णवर्णीय माणसाने दिली. त्या माणसाचं नाव मात्र त्याने लिहिलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी पोर्ट गिब्सनची लढाई झाली आणि विंडसरमध्ये जखमी सैनिकांचं हॉस्पिटल सुरू झालं.

युद्धातून वाचलेला हा वाडा १७ फेब्रुवारी १८९० ला आगीत गेला. एका पाहुण्याच्या निष्काळजी सिगारेटमुळे आग लागली असं सांगतात. वाडा नेमका दिसायचा कसा, हे पुढची शंभर वर्षं कोडंच होतं. १९९१ मध्ये हेन्री ड्वाइट या उत्तरेकडच्या सैनिकाने युद्धकाळात काढलेलं रेखाचित्र सापडलं, तेव्हा कुठे ते सुटलं.

मग जिना कुठे गेला?

वाड्याचा एक लोखंडी जिना आज अल्कॉर्न स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ओकलँड चॅपलला बसवलेला आहे. हे चॅपल मुळात गोऱ्या मुलांच्या कॉलेजचं. युद्धानंतर ते कॉलेज बंद पडलं. राज्याने १८७१ मध्ये जागा विकत घेतली आणि कृष्णवर्णीयांसाठी नवं कॉलेज काढलं. पहिले अध्यक्ष हायरम रेव्हल्स, म्हणजे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर! मळेवाल्याच्या घरचा जिना पुढे कोणाच्या पायांखाली आला, हे वेगळं सांगायला नको.

नागरी हक्कांसाठी लढलेले मेडगर आणि चार्ल्स एव्हर्स हे भाऊ इथलेच विद्यार्थी. १९६३ मध्ये मेडगर यांची हत्या झाली. १९६६ मध्ये पोर्ट गिब्सन या काउंटीच्या मुख्य गावात कृष्णवर्णीयांनी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, त्यात चार्ल्स पुढे होते. पोलिसांत आमची माणसं घ्या, मोठ्या माणसांना 'बॉय' म्हणून हाक मारणं थांबवा, अशा मागण्या होत्या. व्यापारी कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टाने त्यांना साडेबारा लाख डॉलरची भरपाई मंजूरही केली.

पर्यटक या गावात येतात ते मुख्यतः चर्चच्या कळसावरचा आकाशाकडे बोट दाखवणारा सोनेरी हात पाहायला. कायद्याचे विद्यार्थी मात्र हे गाव दुसऱ्याच कारणाने ओळखतात. २ जुलै १९८२ ला सुप्रीम कोर्टाने तो भरपाईचा निकाल फिरवला आणि असा शांततापूर्ण बहिष्कार हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग असल्याचं सांगितलं.