वगळण्याचा अधिकार

आमच्या वर्ध्यास संध्याकाळी चार मंडळी ओसरीवर जमली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की एक वाद हटकून उपस्थित होतो. ज्या गोलंदाजाच्या हाती कप्तानाने आजवर निर्धास्तपणे नवा चेंडू दिला, तोच एखाद्या वर्षी निस्तेज होतो. टप्पा चुकू लागतो, धावा वाहू लागतात आणि गडी मात्र बाद होत नाहीत. अशा वेळी त्यास संघातून वगळावे, की मागील पराक्रम स्मरून आणखी काही सामने सांभाळून घ्यावे? तरुण मंडळींचा निकाल तत्काळ असतो. ती म्हणतात, आजच्या सामन्यास कालची पुण्याई कामास येत नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, दोन वाईट सामन्यांवरून माणसाची किंमत करू नये. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु ह्या वादात एक तिसरा प्रश्न नेहमी राहून जातो, असे आम्हास वाटते. वगळणारे कोण, आणि त्यांच्या हातातील माप कोणते? हा प्रश्न किती जुना व किती जिव्हाळ्याचा आहे हे दाखविणारे एक प्रकरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात घडलेले आहे. त्याकडे जाणारी वाट योगायोगाने आमच्या वर्ध्यावरूनच जाते.

सन १९४० चा डिसेंबर महिना. ऑक्टोबरात विनोबांनी पवनार येथून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला होता आणि पुढारी एकामागून एक तुरुंगात जात होते. अशा दिवसांत मुंबईच्या हिंदु जिमखान्याचे काही प्रतिनिधी वर्ध्यास येऊन गांधीजींस भेटले. मुंबईत दरवर्षी भरणारे पंचरंगी सामने अशा प्रसंगी खेळावे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’ असे पाच संघ त्या सामन्यांत उतरत. ते बंद पाडू पाहणाऱ्यांकडे आपली सहानुभूती आहे, असे गांधीजींनी सांगितले. महाविद्यालये व संस्था ह्यांच्या संघांतील चुरस आपण समजू शकतो. धर्माधर्मांचे संघ कशासाठी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे काही वर्षे वाद चालून १९४६ नंतर हे सामने इतिहासजमा झाले.

ह्या भेटीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक धर्माच्या प्रश्नापाशी थांबतात, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि जो ‘हिंदु’ संघ इतर धर्मीयांविरुद्ध एकजुटीने उभा राहतो असे मानले जाई, त्याच्या पोटात काय चालले होते, हे पाहण्यास आणखी वीस वर्षे मागे गेले पाहिजे. त्या गोष्टीचे नायक बाळू पालवणकर हे होत.

बाळू ह्यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातील. वडील लष्करी नोकरीत. कोवळ्या वयातच पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर ते कामास राहिले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळ्या उभाराव्या, आणि साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकावे, हे त्यांचे काम. त्या काळचा नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हा त्यांच्या चेंडूवर तासन् तास सराव करी. आपणास बाद केल्याबद्दल तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा काहीही असो, त्या सरावातून एक असामान्य डावखुरा गोलंदाज तयार झाला. मंदगती चेंडू, अचूक टप्पा, दोन्ही बाजूंस वळविण्याची हातोटी आणि न थकणारा हात ही त्यांची आयुधे होती.

पुण्यातील हिंदूंस युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता, म्हणून त्यांनी बाळूंस संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांच्या हाती जाई. परंतु चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवण निराळे. चेंडूस विटाळ नव्हता आणि पेल्यास मात्र होता. पुढे पुण्यात प्लेग आला, तेव्हा कुटुंब मुंबईस गेले. तेथे बाळू हिंदु जिमखान्याचे आधारस्तंभ झाले. १९०६ साली हिंदूंनी मुंबईस युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या जयात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ विलायतेस गेला, त्याने बहुतेक सामने गमावले. परंतु त्याच दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ गडी आहेत, तेही दर गड्यास पंधरा-सोळा धावा देऊन. हे आकडे आजही कोणा गोलंदाजास भूषणावह ठरतील.

असा हा गडी. त्याचे धाकटे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल हेही एकाहून एक सरस खेळाडू निघाले. मग हिंदु संघाचे कप्तानपद बाळूंकडे का नसावे, असा प्रश्न १९१० नंतर दरवर्षी वर्तमानपत्रांतून व जिमखान्यातून निघू लागला. दरवर्षी तो निघे आणि दरवर्षी बाजूस सारला जाई. कप्तान असत एम. डी. पै. पै हे खेळाडू म्हणून चांगले होते आणि मनाने उदार होते. बाळू ज्येष्ठ असल्याने हा मान वास्तविक त्यांचा होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे म्हटले होते. कप्तानाने स्वतः असे म्हणावे आणि निवडमंडळाने ऐकू नये, ह्यावरून अडसर कोठे होता हे निराळे सांगण्याची गरज नाही.

ह्या पार्श्वभूमीवर १९२० चे चौरंगी सामने आले. पहिल्या सामन्यास पै प्रकृतीमुळे उपलब्ध नव्हते. निवडमंडळाने कप्तानपद तरुण प्राध्यापक दि. ब. देवधर ह्यांस दिले. आणि बाळू पालवणकर ह्यांस, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम व विठ्ठल ह्यांनी आपण होऊन संघ सोडला. ते दोघेही देवधरांहून वयाने व अनुभवाने वडील होते. गुण व ज्येष्ठता डावलून केवळ जातीमुळे आमचा अव्हेर होत असेल तर आम्ही खेळणार नाही, अशा आशयाचे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले. आज हे वाक्य लिहिणे सोपे वाटते. त्या काळी त्यास केवढे धैर्य लागले असेल, ह्याची वाचकांनी कल्पना करावी.

आता निवडमंडळाची बाजूही निष्पक्षपणे मांडली पाहिजे. चव्वेचाळीस वर्षांचा गोलंदाज कितीही थोर असला तरी त्याचा खांदा पंचविशीतील राहत नाही. संघ म्हणजे कृतज्ञतेची पेढी नव्हे. नव्या गड्यांस वाव द्यावयाचा तर जुन्यांस केव्हातरी जागा रिकामी करावीच लागते. हे सारे युक्तिवाद आम्हास मान्य आहेत. परंतु युक्तिवाद मान्य असणे निराळे, आणि तो वापरणाऱ्याचा हेतू मान्य असणे निराळे. वय हेच खरे कारण होते काय, हे पाहावयाचे असेल तर तेच माप इतरांस लावून पाहावे.

विलायतेतील विल्फ्रेड ऱ्होड्स हा बाळूंहून एका वर्षाने लहान, त्यांच्यासारखाच डावखुरा मंदगती गोलंदाज. तोही पेशाने धंदेवाईक. त्या देशातही कप्तानपद वरच्या वर्गातील हौशी गृहस्थांसाठी राखून ठेवलेले असे, आणि ती भिंत तेथे १९५२ साली हटनच्या रूपाने पडली. म्हणजे इंग्लंड काही न्यायाचे माहेर नव्हते. तथापि १९२६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अखेरच्या व निर्णायक कसोटीस ऱ्होड्स ह्यास, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा बोलावण्यात आले. ओव्हलच्या त्या सामन्यात त्याने ७९ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडने सामना व मालिका जिंकली. त्याचे वय सर्वांस ठाऊक होते. परंतु आधी त्याचा चेंडू पाहिला गेला आणि मग वय मोजले गेले.

दुसरे उदाहरण घरचेच आहे, आणि आम्हास ते अधिक बोलके वाटते. ज्या देवधरांस १९२० साली तरुण म्हणून पुढे आणले, त्यांनीच पुढे १९३९-४० व १९४०-४१ ह्या लागोपाठच्या दोन हंगामांत महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून दिला. तेव्हा ते कप्तान होते, आणि त्यांचे वय होते अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास! त्याच सुमारास त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांच्या ह्या पराक्रमाचे कौतुक महाराष्ट्राने केले, आम्हीही करतो. १९२० च्या निवडीचा दोष त्यांच्या माथी मारणे सर्वथा अन्यायाचे होईल. परंतु एकाच प्रांतात, एकाच खेळात, एकाचे चव्वेचाळिसावे वर्ष म्हातारपण ठरावे आणि दुसऱ्याचे अठ्ठेचाळिसावे वर्ष परिपक्वता ठरावी, ह्याचा अर्थ वय हे माप नव्हते, निदान एकटे नव्हते.

सातासमुद्रापलीकडेही हाच पेच पडलेला दिसतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात सामन्याचा आरंभ करणाऱ्या चेंडूफेक्यास म्हणजे पिचरास फार मान असतो. हा पिचर लागोपाठ मार खाऊ लागला तर त्यास आरंभीच्या जागेवरून काढून मागाहून उतरणाऱ्या राखीव पिचरांत बसवितात, किंवा खालच्या श्रेणीच्या संघात धाडतात. तेथे त्याने हात सुधारला तर तो परत वर येतो. ह्यात मानहानी थोडी असते, पण अन्याय नसतो. कारण वर जाण्याचा जिना व खाली येण्याचा जिना एकच असतो. परंतु ह्याच अमेरिकेत सॅचेल पेज ह्या काळ्या पिचरास, त्याची कीर्ती देशभर दुमदुमत असताही, वरच्या श्रेणीचे दार दोन तपे बंद होते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ते उघडल्यावर, १९४८ साली पेज क्लीव्हलंडच्या संघात आला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. ज्यांनी त्यास उमेदीची वर्षे वर येऊच दिले नाही, त्यांनी ‘तू आता म्हातारा झालास’ म्हणावयाचे ठरविले असते, तर ते वाक्य खरे असूनही त्यांच्या तोंडी शोभले नसते.

बाळूंच्या प्रकरणाचे मर्म आमच्या मते नेमके हेच आहे. वगळण्याचा अधिकार ज्यास चढविण्याची दानत आहे त्यासच पोहोचतो. ज्या मंडळाने दहा वर्षे गुण पाहून कप्तानपद दिले असते, त्या मंडळाने अकराव्या वर्षी खांदा पाहून जागा काढून घेतली असती, तर कोणीही, बहुधा खुद्द बाळूंनीही, तक्रार केली नसती. परंतु जेथे वर जाताना जात विचारली जाते, तेथे खाली उतरविताना ‘केवळ खेळ पाहिला’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास कोणी व का ठेवावा? माप एकदा खोटे ठरले की त्याने केलेले खरे वजनही संशयास्पद होते. अन्यायाचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे. तो न्यायाचीही पत घालवितो.

ह्या प्रकरणाचा शेवट मात्र अगदीच निराशाजनक नाही. लोकमताचा रेटा वाढला. पारशांविरुद्धच्या सामन्यास पै परतले, दोघे बंधूही परतले, आणि बाळूंस संघात घेऊन उपकप्तान नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ आपण होऊन मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदु संघाचे नेतृत्व बाळू पालवणकर ह्यांनी केले. एका थोर गोलंदाजाच्या वाट्यास आलेले कप्तानपद ते एवढेच! पुढे १९२३ साली विठ्ठल ह्यांस रीतसर कप्तान नेमण्यात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी विजय मिळविला. थोरल्यास नाकारलेले धाकट्यास मिळाले. आमच्या वर्ध्यातील लक्ष्मीनारायणाचे मंदिर जमनालालजींनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुले केले ते १९२८ साली, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. देवळाच्या आधी मैदानाचे दार उघडले, ही गोष्ट क्रीडांगणास भूषणावह खरी. पण ते आपोआप उघडले नव्हते. दोन भावांनी आपली जागा सोडून ते उघडविले होते.

जाता जाता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडासमितीवर होतो. शेवटच्या वर्षातील एक वेगवान गोलंदाज त्या हंगामात अपेशी ठरला होता. आम्ही त्याचे नाव काढले. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. रागावला नव्हता. “सर, मला काढलं त्याचं काही नाही,” तो म्हणाला, “पण माझ्याइतक्याच धावा दिलेला दुसरा गोलंदाज संघात आहे. त्याला का ठेवलं, तेवढं सांगा.” त्या दुसऱ्या मुलाचे वडील समितीतील एकाच्या बैठकीतले होते. आम्हास ते ठाऊक होते, आणि समितीत आम्ही गप्प बसलो होतो. आम्ही त्यास काहीतरी उत्तर दिले. तो नमस्कार करून निघून गेला. ते उत्तर काय होते हे आज आम्हास आठवत नाही. त्याचा प्रश्न मात्र शब्दशः आठवतो.

म्हणून ओसरीवर जेव्हा ‘अमक्याला काढा’ असा पुकारा होतो, तेव्हा आम्ही इतकेच विचारतो की, त्याच्या जागी कोण, आणि दोघांस एकच माप लावले आहे ना? उत्तर ‘होय’ असेल तर गड्यास अवश्य वगळावे. त्यात त्याचाही अपमान नाही.