मोटरहोममध्ये सगळं भरून नेता येतं, पण रेंजचं काय? फिरत्या घरात इंटरनेट टिकवण्याचं पूर्ण गणित

झोपायला गादी, चहाला शेगडी, मागे छोटंसं न्हाणीघर आणि खिडकीतून रोज नवा देखावा! मोटरहोमचे रील्स बघून "आपणही असंच निघायचं" असं ज्याला वाटलं नाही, असा माणूस विरळाच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनेही त्याच वर्षी 'केरावन केरळ' नावाने अशीच योजना जाहीर केली. त्यात लॅपटॉपवर कुठूनही काम करण्याची सोय झाल्यापासून काही मंडळी रजा न टाकता, नोकरी सांभाळूनच अशा प्रवासाला निघू लागली आहेत.

पण रील्समध्ये एक गोष्ट दिसत नाही. पाणी टाकीत भरता येतं, गॅस सिलिंडरमध्ये नेता येतो, वीज बॅटरीत साठवता येते. रेंज मात्र कशातच भरून नेता येत नाही. गाडी जिथे थांबेल तिथेच ती मिळवावी लागते. सोमवारी सकाळी दहाच्या मीटिंगला घाटात नेटवर्क गेलं, तर प्रश्न सहलीच्या मजेचा राहत नाही, नोकरीचा होतो. रात्री गाडीत कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर त्याहून मोठा होतो.

यावरचे व्हिडिओ शोधायला जावं, तर बहुतेक अमेरिकेतले निघतात. त्यातले दोन सर्वांत लोकप्रिय उपाय, म्हणजे सिग्नल बूस्टर आणि सॅटेलाइट डिश, भारतात जसेच्या तसे चालत नाहीत. मग इथे काय चालतं? चला, एकेक गोष्ट समजून घेऊया.

गाडीत शिरलं की रेंज का पडते?

मोटरहोमचा सांगाडा आणि बाहेरचा पत्रा बहुधा लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. मोबाइलच्या लहरींना धातू आडवा येतो. म्हणून गाडीबाहेर व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो आणि आत बेडवर बसलं की चेहरा गोठतो. फायबरच्या बॉडीत हा त्रास कमी असतो.

दुसरं कारण डोंगर. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटात एका वळणावर टॉवर समोर असतो आणि पुढच्या वळणावर अख्खा डोंगर मधे येतो. कोकणात किनाऱ्यालगतची गावं खोलगट जागी, टेकडीच्या पायथ्याशी असतात. गावाच्या वर सड्यावर भरपूर रेंज आणि खाली समुद्राजवळ काहीच नाही, असा अनुभव त्यामुळेच येतो. म्हणजे गाडी शंभर-दोनशे मीटर पुढे-मागे लावल्यानेही फरक पडतो, आणि या उपायाला एक रुपयाही लागत नाही.

काड्या मोजू नका, आकडा बघा

मोबाइलवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्यांना ठरलेलं असं माप नाही. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या पद्धतीने दाखवतो. खरी ताकद कळते ती 'डीबीएम' या आकड्यावरून. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या फोनच्या माहितीत, सिम स्टेटसखाली तो बहुधा सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो.

हा आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर उणे ८०-८५ च्या आसपास असेल तर निर्धास्त कामाला बसा. उणे १०० म्हणजे जेमतेम. उणे ११५ च्या खाली गेला तर मेसेज जाईल, मीटिंग होणार नाही.

आकडा चांगला असूनही नेट रखडतं, तेव्हा टॉवरवर गर्दी झालेली असते. सुट्टीच्या दिवशी लोणावळा-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी संध्याकाळी हाच प्रकार होतो. त्यासाठी मुक्कामी पोचल्यावर स्पीड टेस्ट करून बघावी. ट्रायचं 'मायस्पीड' ॲप त्यासाठीच आहे. टेस्टमध्ये डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर भाळू नका. व्हिडिओ कॉलला अपलोडही तितकंच लागतं.

सिम दोन, कंपन्याही दोन

एकाच कंपनीची दोन सिम घेऊन उपयोग नाही. जिथे पहिलं गळेल तिथे दुसरंही गळेल. जिओ आणि एअरटेलपैकी एक आणि जोडीला दुसऱ्या कंपनीचं एक, ही साधी सोय सर्वांत जास्त कामी येते. आडवाटेला जायचं असेल तर बीएसएनएलचा विचार जरूर करा. त्यांचं स्वदेशी तंत्रज्ञानावरचं फोर-जी जाळं २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशाला अर्पण झालं आणि त्यात ९७ हजारांहून अधिक टॉवर आहेत.

जानेवारी २०२५ पासून आणखी एक सोय झाली आहे. डिजिटल भारत निधीतून दुर्गम भागात उभारलेल्या टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल या कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांचं फोर-जी वापरता येतं. पण ही सोय त्या सरकारी निधीतल्या टॉवरपुरतीच आहे, सगळीकडे नाही.

लडाख किंवा काश्मीरला निघणाऱ्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्यामुळे निदान एक सिम निघण्याआधीच पोस्टपेड करून घ्यावं.

राउटर आणि छतावरची अँटेना

दोन-चार दिवसांच्या सहलीला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. महिनाभर गाडीतूनच काम करायचं असेल, तर सिम घालता येणारा फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर घ्यावा. दोन सिमचा राउटर असेल तर एक नेटवर्क गेल्यावर तो आपोआप दुसऱ्यावर जातो.

खरा फरक पडतो तो छतावर लावलेल्या अँटेनामुळे. ती पत्र्याच्या बाहेर आणि उंचावर असल्याने जे सिग्नल आत पोचतच नव्हते, ते थेट राउटरला मिळतात. घेताना तीन गोष्टी पाहा. राउटरला बाहेरची अँटेना जोडायची जागा हवी. अँटेनाला किमान दोन वायरी हव्यात, कारण फोर-जी एकाच वेळी दोन वाटांनी डेटा घेतं. आणि वायर शक्य तितकी आखूड हवी, कारण लांब वायरीत सिग्नल वाटेतच जिरतो.

परदेशातून आणलेला राउटर घेताना सावध राहा. आपल्याकडे जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर फोर-जी देतं. एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३०० वर, तर बीएसएनएल ७०० आणि २१०० वर. तांत्रिक भाषेत हे बँड १, ३, ५, ८, २८ आणि ४०. त्यातही ७०० ते ९०० च्या लहरी सर्वांत लांब पोचतात, म्हणून खेड्यापाड्यात त्यांचाच आधार असतो. नेमके तेच बँड राउटरमध्ये नसले, तर महागडं यंत्र शहरात पळेल आणि गावात मान टाकेल.

बूस्टर? अजिबात नको

ऑनलाइन बाजारात "रेंज वाढवणारं यंत्र" म्हणून मिळणारे बूस्टर किंवा रिपीटर सर्रास दिसतात. अमेरिकेत मान्यताप्राप्त बूस्टर गाडीत लावायला परवानगी आहे, म्हणून तिथले लोक ते लावतात. भारतात मात्र परवानाधारक दूरसंचार कंपन्यांशिवाय कुणीही ते बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर आहे. याचं कारणही समजण्यासारखं आहे. असं यंत्र सगळाच गोंगाट मोठा करून टॉवरकडे परत फेकतं आणि आजूबाजूच्या शेकडो लोकांचे फोन बिघडवतं.

मग अँटेना कशी चालते? साधी अँटेना स्वतःहून लहरी वाढवून परत प्रसारित करत नाही. ती राउटरचाच कान बाहेर काढते, इतकंच.

आकाशातून इंटरनेट घ्यावं का?

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जुने दूरसंचार उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असत, त्यामुळे बोलणं पोचून उत्तर यायला अर्धा सेकंद तरी लागे. स्टारलिंकवर तो उशीर जवळपास जाणवत नाही. अमेरिका, युरोप, न्यूझीलंड इथे मोटरहोम घेऊन फिरणाऱ्यांसाठी त्यांची खास 'रोम' योजना आहे. तिकडे गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांना हा पर्याय खुला आहे.

भारतात स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. पण कंपनीला परवाना मिळाला म्हणजे परदेशातून आणलेली डिश इथे छतावर लावायला मोकळीक मिळाली, असं नाही. भारतातली सेवा, भारतातली जोडणी आणि फिरत्या गाडीत वापरण्याची परवानगी या तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

सॅटेलाइट फोनबाबत तर कायदा फारच कडक आहे. सरकारी परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमची उपकरणं बाळगता येत नाहीत. गिर्यारोहक वापरतात ती उपग्रहावरून मेसेज पाठवणारी छोटी यंत्रंही त्यात आली. अशी यंत्रं सामानात सापडल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना अडवल्याच्या घटना २०२४ मध्ये घडल्या आहेत.

विजेचा हिशेब आधी करा

इंटरनेट म्हणजे वीजही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॉट-तास वीज असते. साधी लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच, म्हणजे ६०० वापरावी. आता १० वॉटचा राउटर दिवसरात्र चालला तर २४० गेले. ५० वॉटचा लॅपटॉप आठ तास चालला तर आणखी ४००. झाले ६४०! पंखा, दिवे आणि फ्रिज अजून बाकीच आहेत.

म्हणून लिथियम बॅटरी, छतावर सोलर पॅनल आणि गाडी चालू असताना घरची बॅटरी चार्ज होण्याची सोय, यातल्या निदान दोन गोष्टी हव्यात. पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका. राउटर इन्व्हर्टरवर न लावता, व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर मधे घालून थेट १२ व्होल्टवर चालवला, तर विजेची बरीच बचत होते.

रोजचा दोन जीबी किती पुरतो?

चांगल्या प्रतीचा व्हिडिओ कॉल तासाला साधारण एक जीबी खातो. तीन तासांच्या मीटिंग्ज म्हणजे दोन जीबीचा पॅक दुपारीच संपला. पुढे वेग उतरतो ६४ केबीपीएसवर, ज्यावर साधा फोटोही जाता जात नाही. 'अनलिमिटेड फाइव्ह-जी'च्या जाहिरातीतही एक मेख आहे. ती सूट फाइव्ह-जीवर असतानाच मिळते. गावात फोन फोर-जीवर उतरला की रोजच्या कोट्यातून डेटा कापला जातो. म्हणून जादा डेटाचा पॅक आधीच मारून ठेवा, फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा आणि गरज नसेल तेव्हा कॅमेरा बंद ठेवून बोला.

हॉटेल किंवा धाब्याचं फुकट वाय-फाय मोठी फाइल उतरवायला बरं. बँकेचे व्यवहार मात्र स्वतःच्या सिमवरच करा.

आणि रेंज मिळालीच नाही तर?

सगळं करूनही अशी जागा येतेच. तेव्हा उपयोगी पडते ती निघण्याआधीची तयारी:

- पूर्ण मार्गाचा नकाशा गूगल मॅप्सवर ऑफलाइन उतरवून ठेवा. रस्ता दिसतो, फक्त वाहतुकीची ताजी माहिती मिळत नाही.
- यूपीआयवर विसंबू नका. डिझेल आणि दोन दिवसांचं जेवण भागेल इतकी रोकड जवळ असू द्या.
- फास्टॅग नेटशिवाय चालतो, पण त्यात पैसे भरायला नेट लागतं. ते आधीच भरा.
- घरच्यांना आजचा मुक्काम आणि उद्या किती वाजता फोन येईल, ते सांगून ठेवा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हेही ठरवा.
- संकटात ११२ फिरवा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी त्या ठिकाणी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर हा कॉल त्यावरून लागू शकतो.
- येताना ज्या ठिकाणी शेवटची रेंज मिळाली, तो किलोमीटरचा दगड किंवा गावाचं नाव लक्षात ठेवा. अडचणीत तिथवर परत जाता येतं.

कामाच्या दिवसाचा नियमही सोपा आहे. उद्या मीटिंग असेल, तर आज उजेड असतानाच मुक्कामी पोचा, आकडा बघा, दोन्ही सिमवर चाचणी करा. जमत नसेल तर अंधार पडायच्या आत पुढचं गाव गाठता येतं. नकाशावर टॉवर कुठे आहेत ते पाहायला सरकारचं 'तरंग संचार' पोर्टल आहे, आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या कव्हरेजचे नकाशेही आहेत.

हजारोंची यंत्रं घेण्याआधी दोन कंपन्यांची सिम, छतावरची एक अँटेना आणि मुक्कामाची विचारपूर्वक निवड एवढं जमलं, तरी बहुतेक प्रवास निभावून जातो. उरलेल्या वेळी फोन बाजूला ठेवून समुद्राकडे बघत बसायलाही हरकत नाही. फक्त घरच्यांना ते आधी ठाऊक असलं पाहिजे.