थोड्या दिवसांचे पाहुणे : १८५४ चे शिष्टमंडळ आणि मराठी मिशन

अमेरिकेतील चर्चमध्ये गेल्या काही दशकांत एक प्रथा चांगलीच रुळली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-पंधरा जणांचा एक गट वर्गणी गोळा करतो, विमानाने एखाद्या गरीब देशात जातो, तेथे घरे बांधतो, शाळेच्या भिंती रंगवतो, मुलांना गाणी शिकवतो आणि दोन आठवड्यांनी परततो. रॉबर्ट वुथनाउ या समाजशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा प्रवाशांची संख्या वर्षाला सुमारे १६ लाख असल्याचा अंदाज मांडला आहे. होंडुरासमध्ये १९९८ च्या चक्रीवादळानंतर बांधलेल्या घरांची पाहणी कर्ट व्हर बीक यांनी केली. तीत असे आढळले की, बाहेरून आलेल्या गटांनी बांधलेल्या घराचा खर्च प्रवासासह सुमारे ३० हजार डॉलर येत होता, तर स्थानिक संस्था तसेच घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभे करीत होती. घरात राहायला आलेल्यांच्या आयुष्यात मात्र या दोहोंमुळे फारसा वेगळा फरक पडलेला दिसला नाही.

या आकड्यांवरून धर्मप्रेमी प्रवाशांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु थट्टेने प्रश्न सुटत नाही. थोड्या दिवसांसाठी आलेला माणूस परक्या समाजात नेमके काय पाहू शकतो? आणि जे पाहिले त्याच्या बळावर त्याने काय करावे? मराठी वाङ्मयाच्या आणि शिक्षणाच्या अभ्यासकांना हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. असाच एक छोटा दौरा १८५४ साली मुंबई आणि अहमदनगर येथे येऊन गेला, आणि त्याने एका भाषेच्या बाजूने घेतलेला निर्णय आजही आपल्याला कोड्यात टाकणारा आहे.

बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाची स्थापना १८१० सालची. या संस्थेचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना राहू देण्यास राजी नव्हते. हॉल राहिले, मराठी शिकले आणि १८२६ साली नाशिककडील प्रवासाहून परतताना पटकीने वारले. तेव्हा वयाची बेचाळीस वर्षेही त्यांनी पुरी केलेली नव्हती. त्या पिढीतील मिशनऱ्यांना 'परत जाणे' हा शब्दप्रयोग जवळजवळ अपरिचित होता. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून येण्यासच कित्येक महिने जात, आणि आलेला माणूस बहुधा इथल्याच मातीत विसावे. १८३१ च्या अखेरीस अहमदनगरचे ठाणे सुरू झाले. १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. हेन्री बॅलंटाइन, सिंथिया फॅरार ही माणसे वर्षानुवर्षे त्या गावात राहून मराठी बोलू, लिहू आणि शिकवू लागली होती.

आगबोटी सुरू झाल्या आणि इजिप्तमार्गे प्रवास सुकर झाला, तेव्हा एक नवी गोष्ट शक्य झाली : पाहणी करण्यासाठी येणे आणि परत जाणे. बोर्डाचे परराष्ट्र चिटणीस रूफस अँडरसन आणि बोस्टनजवळच्या रॉक्सबरी येथील धर्मोपदेशक ऑगस्टस थॉम्प्सन हे दोघे शिष्टमंडळ म्हणून नोव्हेंबर १८५४ मध्ये मुंबईत दाखल झाले. मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. काही आठवडे त्यांनी मराठी मिशनची ठाणी पाहिली, मिशनऱ्यांच्या सभा घेतल्या, ठराव केले आणि ते दक्षिणेकडे तामिळ प्रदेशात व सिंहलद्वीपात निघून गेले.

अँडरसन हा सामान्य प्रवासी नव्हता. १८३२ पासून जगभरच्या मिशनऱ्यांची पत्रे त्याच्या टेबलावर येत होती, आणि त्या वाचनातून त्याने एक विचार घडवला होता. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांनीही स्वतंत्रपणे तोच मांडला. स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि धर्मप्रसारही स्वतःच करावा. मिशनरी हा पाया रचून पुढे निघून जाणारा माणूस असावा. साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात हा विचार मांडणे धाडसाचे होते. त्याचाच उपसिद्धांत भाषेविषयी होता. ज्याला गावात उपदेश करायचा आहे त्याने गावाच्या भाषेत शिकावे. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी कचेरीकडे वळतो आणि आपल्याच लोकांपासून तुटतो, असे अँडरसनचे निदान होते.

ते निदान घेऊनच तो आला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मराठी मिशनच्या शाळांतून इंग्रजीला दूर सारण्याचे, मराठीतून शिकवण्याचे आणि देशी पाळक नेमण्याचे धोरण या भेटीत ठरले. त्याच १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोन मराठी माणसे मराठी मंडळ्यांचे पाळक झाली, ही घटना मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात निश्चितच मोलाची आहे.

पण याच वर्षाची दुसरी बाजूही आहे. जुलै १८५४ मध्ये वुडचा खलिता निघाला होता. प्राथमिक शिक्षण देशी भाषेतून, उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान, अशी त्याची दिशा होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. जॉन विल्सन यांची स्कॉटिश शाळा मुंबईत इंग्रजी शिकवीतच होती. म्हणजे ज्या घडीला इंग्रजी ही नोकरीची, न्यायालयाची आणि प्रतिष्ठेची किल्ली होऊ लागली, त्याच घडीला अमेरिकन मिशनने ती आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेतली. ज्याच्या घरी साधने होती त्याला दुसरी शाळा मोकळी होती. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मिशनकडे येणाऱ्या महार-मांग कुटुंबांना मात्र दुसरे दार नव्हते. त्यांच्यासाठी मराठीचा हा सन्मान आणि संधीचा हा संकोच एकाच ठरावातून आला.

सिंहलद्वीपात हे अधिक ठळकपणे दिसले. जाफन्याजवळची बट्टिकोटा सेमिनरी १८२३ पासून इंग्रजी आणि तामिळ दोन्हींतून उच्च शिक्षण देत होती. १८५५ मध्ये शिष्टमंडळाच्या भेटीनंतर ती बंद झाली. तिच्या विद्यार्थ्यांपैकी सी. डब्ल्यू. दामोदरम पिळ्ळै हे मद्रास विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. ख्रिस्ती घरात जन्मलेला हा माणूस पुढे शैव मताकडे वळला आणि 'तोल्काप्पियम'सारख्या प्राचीन ग्रंथांची संपादने करून त्याने तामिळ वाङ्मयाचा वारसा छापील रूपात जपला. अँडरसन म्हणेल, पाहा, इंग्रजी शिकून तो पाळक झाला नाही. तामिळ वाचक म्हणेल, पाहा, त्या शाळेने आम्हाला आमचे ग्रंथ परत मिळवून देणारा माणूस दिला. दोघांचेही म्हणणे खरे आहे. त्या शाळेकडून काय अपेक्षावे एवढाच त्यांचा मतभेद आहे, आणि तो मतभेद काही आठवड्यांच्या पाहणीने मिटणारा नव्हता.

अमेरिकेतही वाद पेटला. मार्च १८५६ मध्ये बोर्डाची खास सभा आल्बनी येथे भरली. शिष्टमंडळाने अधिकार ओलांडला काय, मिशनऱ्यांवर दबाव आणला काय, असे प्रश्न तेथे विचारले गेले. अखेर अँडरसनचे धोरण टिकले. पण त्या चर्चेत एक पक्ष हजरच नव्हता. नगरच्या शाळेतील मुलांना आणि त्यांच्या आईबापांना काय हवे होते, हे आल्बनीत कोणी विचारले नाही. स्वावलंबनाचा सिद्धांत स्वावलंबी व्हावयाच्या लोकांना न विचारता लागू केला गेला. इंग्रजी पुढल्या पिढीत मिशनच्या शाळांत परत आली, ती मुख्यतः लोकांच्या मागणीमुळेच.

मग अँडरसन चुकला असे म्हणावे काय? मला तसे सरळ म्हणवत नाही. मातृभाषेतून शिक्षण, स्थानिकांच्या हाती सूत्रे, परक्याने वेळीच बाजूला होणे, ही तत्त्वे आज आपणही मान्य करतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा भारतीय ख्रिस्ताचा आणि भारतीय चर्चचा जो आग्रह त्यांनी धरला, त्यात अँडरसनच्याच स्वप्नाचा अंश होता. फरक इतकाच की, टिळकांचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. तत्त्व बरोबर असूनही ते कोणी, कोणासाठी, कोणाला विचारून लागू केले, हा प्रश्न उरतोच. मातृभाषेचा कैवार घेणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांनी तर तो स्वतःला वारंवार विचारायला हवा. आपली मुले इंग्रजी शाळेत घालून दुसऱ्यांच्या मुलांना मराठीचे महत्त्व पटवणे आपल्याकडे अपरिचित नाही.

या संदर्भात त्याच अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) दिलेली आणखी एक छोटी भेट आठवते. शिष्टमंडळाच्या काही वर्षे आधी पुण्याचा एक तरुण आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याकडे नगरला आला होता. सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा त्याने पाहिली. त्याने तेथे कोणताही ठराव मांडला नाही, शाळा कशी चालवावी हे बाईंना सांगितले नाही. पुण्याला परतून १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात स्वतःची शाळा काढली, आणि ती शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचे पुढे 'ज्ञानोदया'त सांगितलेही.

तेही थोड्या दिवसांचे पाहुणेच होते. पण फुल्यांनी जे पाहिले त्याचा भार त्यांनी आपल्या घरी नेला. शेणगोळे झेलावे लागले ते त्यांच्या पत्नीला, घर सोडावे लागले ते त्या दोघांना. अँडरसनने जे ठरवले त्याचा भार नगर आणि जाफना येथे राहिला, आणि तो स्वतः बॉस्टनला परतला. फॅरारबाई मात्र त्या ठरावांनंतरही नगरातच शिकवीत राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. दोन्ही पाहुण्यांनी त्यांचे गाव पाहिले होते. त्या दोघांविषयी बाईंचे काय मत होते, हे ऐकायला मला फार आवडले असते.