पाणबुडी मोटारीच्या ड्राइव्हवर ‘अर्थ फॉल्ट’ : दोष कसा शोधाल?

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर भागात केळीचे पाणी खोल बोअरमधील पाणबुडी मोटारींवर अवलंबून आहे. सौर पंपाचा कंट्रोलर आणि विजेवरील व्हीएफडी हे दोन्ही ड्राइव्हच आहेत. ‘अर्थ फॉल्ट’ म्हणजे वीज जमिनीकडे गळत आहे. मे महिन्याच्या उन्हात केळीला ताण बसेल म्हणून वारंवार रीसेट करू नका, संरक्षण टाळून मोटार थेट जोडू नका. लोखंडी केसिंग, पाइप किंवा पेटीत करंट उतरून जीव जाऊ शकतो.

फॉल्ट केव्हा येतो ते पाहा
- सुरू करताच : केबल किंवा वाइंडिंग पूर्ण अर्थ झालेली असण्याची शक्यता.
- काही वेळ चालल्यावर : तापल्यावर कमजोर होणारे इन्सुलेशन.
- फक्त पावसानंतर किंवा पाणी दिल्यावर : जमिनीवरील जॉइंट, पेटीतील ओल, उंदरांनी कुरतडलेली केबल.

तपासणीचा क्रम (वायरमनकडूनच करून घ्या)
१. पुरवठा बंद करा. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. पेटीवर लिहिलेला वेळ, किमान १० मिनिटे, थांबा. सौर पॅनेलकडील तारा स्विच बंद केल्यावरही दिवसा जिवंत असतात.
२. ड्राइव्हच्या यू, व्ही, डब्ल्यू या मोटारीच्या तारा सोडवा व मोकळ्या टोकांना टेप लावा. ड्राइव्ह पुन्हा सुरू करा. फेज नसल्याची सूचना आली तर हरकत नाही. पण अर्थ फॉल्ट कायम राहिला, तर दोष ड्राइव्हमध्ये किंवा पॅनेलच्या वायरिंगमध्ये आहे.
३. फॉल्ट गेला, तर पुरवठा पुन्हा बंद करून थांबा आणि मोकळ्या तारा ते अर्थ अशी ५०० व्होल्ट मेगरने तपासणी करा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर लावू नका, तो जळतो.
४. रीडिंग कमी असेल तर बोअरच्या तोंडाशी केबल सोडवून दोन्ही भाग वेगळे मोजा. जमिनीवरील केबल खराब निघाली, तर मोटार काढण्याचा खर्च वाचतो.

बोअरमधील मोटार व केबलचे रीडिंग
- २ मेगाओहमपेक्षा जास्त : उत्तम.
- ०.५ ते २ : वापरातील मोटारीसाठी चालेल, दर महिन्याला मोजून नोंद ठेवा.
- ०.५ पेक्षा कमी : इन्सुलेशन खराब. मोटार वर काढल्यावर आधी पाण्यातील जॉइंट तोडून केबल व मोटार वेगवेगळी तपासा, मगच रिवाइंडिंगचा निर्णय घ्या.

रीडिंग चांगले असूनही फॉल्ट येत असेल, तर ड्राइव्हपासून मोटारीपर्यंतची केबल फार लांब आहे का ते पाहा. लांब केबलमधून ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगमुळे थोडा करंट जमिनीकडे जातो. अशा वेळी ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी कमी करणे किंवा आउटपुट चोक बसविणे उपयोगी पडते.

योजनेतील सौर पंप ५ वर्षांच्या हमीत असेल, तर कंट्रोलर स्वतः उघडू नका. स्क्रीनवरील कोडचा फोटो काढून पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवा. ड्रिपच्या किंवा बोअरच्या पाइपला अर्थिंग जोडू नका.